आंदणाची कालवड

१४ ऑक्टोबर २०२४

आजही नाही! कालवड दावणीला उभी, डोळे मिटून रवंथ करतेय. जगात काही घाई नाही हिला. तीन वर्षांची होत आली, माजाची एक खूण नाही — हंबरणं नाही, मागून चिकट सोट टाकणं नाही, दुसरीच्या अंगावर चढणं नाही. हिच्या वयाच्या संकरित गाईंना एकेक वासरू झालं.

आणि घरात हेमाली. सकाळी मोरीत एकटीच कपडे भिजवत बसली होती, तोंड पाडून. समजायचं ते समजले. म्हटलं, "झालं? याही महिन्यावर पाणी?" भिजले कपडे तसेच टाकले. उठून गेली.

दोघी एकाच दिवशी आल्या, मासवणच्या एकाच घरातून. एक माझी सून, दुसरी तिच्या बापाने लग्नात आंदण दिलेली कालवड. तेव्हा एवढीशी होती, गळ्यात झेंडूची माळ. अख्खी वरात तिचेच फोटो काढत होती. अडीच वर्षं झाली. दोघी खातात, दोघी झोपतात. दोघींची पोटं तशीच.

१५ ऑक्टोबर

हरभऱ्याला मोड आणले. जनावर माजावर यायला चांगले असतात. एकाच पातेल्यातले अर्धे कालवडीला, अर्धे हेमालीला. खाल्ले दोघींनी मुकाट्याने.

२२ ऑक्टोबर

आमची दुभती कपिला माजावर आली! उजाडल्यापासून गोठा डोक्यावर घेतलाय. शेपटी वर, वैरणीला तोंड नाही, काचेसारखा स्वच्छ सोट लोंबतोय. याला म्हणतात गाय.

मितेश डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, संध्याकाळी येतो. मला माहीतच होतं. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या सकाळी. आधी घाई केली तरी रेताची कांडी वाया, उशीर केला तरी वाया. हे सगळं मला आमच्या यांनी शिकवलं. आयुष्यभर तारापूरच्या कंपनीत राबले आणि सुटी झाली की गोठ्यात. गाव सोडलं, गेवराई सोडली, पण गाय सोडली नाही माणसाने. हे गेले, गोठा माझ्या गळ्यात ठेवून. पूर्वी दिवसाचं सगळं यांच्या कानावर घालायची. आता ही वही. ही तरी मध्येच घोरत नाही.

डॉक्टरांनी टाकीतून कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, हात घातला, झालं. कपिलाची मान हेमालीने धरली होती. कपिला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. धारसुद्धा हिच्याच हातची लागते, नाहीतर पान्हा चोरते. गाईलासुद्धा काही पसंती नाही.

डॉक्टर म्हणाले, "एकवीस दिवसांनी लक्ष ठेवा. उलटली नाही, पुन्हा माजावर आली नाही, तर समजा लागली."

मी म्हटलं, "जनावराचं बरं असतं हो डॉक्टर. एकवीस दिवसांत निकाल! नाही लागली तर दुसरी कांडी. तरी नाही तर बाजार."

डॉक्टर हसले नाहीत. हेमालीने कपिलाच्या मानेत तोंड खुपसलं. खुपस. मी काय खोटं बोलले?

२८ ऑक्टोबर — वसुबारस

कपिलाची आणि तिच्या वासराची पूजा केली. हेमाली ताट घेऊन उभी. मी ताट काढून घेतलं. म्हटलं, "ही पूजा लेकुरवाळीने करायची. तू आपली तुझ्या कालवडीला ओवाळ. शोभेल जोडी."

शेजारच्या बायका होत्या. एक फिसकन हसली. मला बरं वाटलं. का खोटं लिहू?

दुपारी पालघरहून राजनंदिनीचा फोन. सोनोग्राफी झाली. जुळं आहे! माझ्या लेकीला जुळं! मी गोठ्यात जाऊन रडले, कपिलाला गूळ दिला. बघ म्हणावं, माझ्या रक्ताची पोर कशी आहे. एकाच वेळी दोन!

३ नोव्हेंबर — भाऊबीज

हेमालीचा भाऊ दिपेश आला मासवणहून. केळीचा घड, काकड्या, हे एवढं. चांगला दांडगा पोरगा. ओवाळताना हेमाली म्हणाली, "दादा, पाया पडू का?" तर म्हणतो, "पड की! दहा मिन्टांनी का व्हयना, मोटा हाय मी." दोघं एकाच बाळंतपणातली. मला माहीत होतं, लग्नात कोणीतरी बोललं होतं. तेव्हा काही वाटलं नाही.

मी म्हटलं, "अरे दिपेश, तुमच्या कालवडीने अजून माज दाखवला नाही. तुमच्याकडचं सगळं असंच का?"

तो हसला. म्हणाला, "येईल ना मावशी. आमच्या घरची हाय, जरा सुस्त हाय."

माझा मनीष नुसता लाडू खात होता. बायको आणि साला असले की याची जीभ टाळ्याला चिकटते.

१२ नोव्हेंबर

एकवीस दिवस झाले. कपिला उलटली नाही. शांत आहे. लागली!

हेमाली बाहेर बसली.

१९ नोव्हेंबर

आज कपाळ फुटलं.

डॉक्टर वासराला जंताचं औषध पाजायला आले होते. म्हटलं, कालवडही बघूनच टाका. त्यांनी हात घातला. बराच वेळ चाचपत राहिले. मग हात काढून धुतला आणि विचारलं, "ही जुळ्यातली आहे का?"

मला काय माहीत! हेमाली दारात उभी होती. म्हणाली, "हो. बरोबर गोऱ्हा हुता. बाबांनी तो शेजारच्यांना दिला नांगराला."

डॉक्टर म्हणाले, "मग झालं. हिच्याकडून अपेक्षा सोडा. हिला पिशवीच नाही नीट. आहे ती बोटाएवढी."

मला समजेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. गाईच्या पोटात गोऱ्हा आणि कालवड जुळे असले की दोघांची वार एकमेकांना जोडली जाते. रक्त इकडचं तिकडे. गोऱ्हा आधी घडतो, त्याच्या रक्तातलं कालवडीत उतरतं आणि तिची पिशवी घडायचीच राहते. गोऱ्ह्याचं फारसं बिघडत नाही. कालवड मात्र शंभरातल्या नव्वद वांझ. बाहेरून बघायला एकदम गाय. डोळे, कास, सगळं. आत काही नाही.

"आणि औषध?"

"औषध नाही."

अडीच वर्षं! पेंड, मिनरल मिक्श्चर, मोडाचे हरभरे! तोंडाला पानं पुसली माझ्या मासवणकरांनी. हेमाली म्हणते, "आई, आमाला खरंच ठावं नव्हतं." रडत होती. कालवडीसाठी रडत होती की स्वतःसाठी, कोण जाणे.

२० नोव्हेंबर

कुंभवली गावात दूध घालत होते. हातात माप तसंच राहिलं.

जुळ्यातली!

बरोबर भाऊ!

भाऊ आधी, ही मागून! त्याने ओढून घेतलं सगळं आईच्या पोटातच — म्हणून तो तसा दांडगा आणि ही अशी काडी. बाहेरून बघायला एकदम बाई. गोरी, लांब केस, बोलायला गोड. मनीष भुलला. कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर बघितली आणि भुलला. आम्ही गेवराईची मुलगी ठरवत होतो, तर म्हणे, हीच.

गिऱ्हाईक बाई म्हणाली, "भाभी, दूध दो ना!" तेव्हा भानावर आले. मापातलं दूध पायावर सांडलं होतं. रागाने नव्हे. आनंदाने! अडीच वर्षं जे शोधत होते ते सापडलं.

२१ नोव्हेंबर

मनीषला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, "आई, वेडी का तू? ती गाय आहे." मी म्हटलं, गाय काय आणि बाई काय, पोट ते पोट. नऊ महिने तिलाही, नऊ महिने हिलाही.

"डॉक्टरीण म्हणाली आहे, दोघांचे रिपोर्ट चांगले आहेत. वेळ द्या म्हणाली. माझी रात्रपाळी, हिची धावपळ..."

"तिने आत हात घालून बघितलंय?"

उठून गेला. बायकोचा बैल!

२३ नोव्हेंबर

बोलायचं टाकलं मी दोघांशी.

हेमाली संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "आई, पाळी येते मला. दर महिन्याला येते. तुमीच तर बघता. कालवडीला माज येत नाय, मला येतं सगळं. मग आमी दोघी सारख्या कशा?"

मी उगाच पदर सारखा केला. मग म्हटलं, "जास्त शहाणपणा शिकवू नकोस. चूल बघ."

२ डिसेंबर

जेवण सोडलं. आज दुसरा दिवस. मनीषला सांगितलं, ती जाईल तेव्हाच या घरात घास गिळीन. तो दोनदा ताट घेऊन आला. मी भिंतीकडे तोंड केलं. दूध घालायला गेले तेव्हा नाक्यावर दोन वडापाव खाल्ले, चहा घेतला. घरात नाही खाल्लं. घरात म्हटलं होतं.

४ डिसेंबर

मनीष वाकला. "थोडे दिवस माहेरी राहू दे. तुझं डोकं शांत होऊ दे." म्हटलं, हो बाबा, थोडे दिवस. एकदा उंबरा ओलांडू तर दे.

८ डिसेंबर

टेम्पो मीच सांगितला. छोटा हत्ती. कालवडही परत, तीही परत. आंदण आलं तसं गेलं. दोन फेऱ्या कशाला?

हेमालीला वाटलं होतं मनीष मोटरसायकलवर सोडेल. टेम्पो बघून तिचा चेहरा असा काही उतरला! मागे कालवड बांधली. पुढे ड्रायव्हरशेजारी त्याचा पोरगा आधीच बसलेला. मी म्हटलं, "मागे बस की. तुझीच आहे ती, मारणार नाही."

मनीष म्हणाला, "आई!" एवढंच. बॅग उचलून मागे ठेवली त्याने. स्वतःच्या हाताने.

ती चढली. पदर खोचून कालवडीच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. आळीतल्या सगळ्या बायका दारात. टेम्पो सुरू झाल्यावर मला म्हणाली, "कपिलाला अंबोण ठेवलंय. सावकाश काढा धार. ओरडलात की ती दूध चोरते." रडली नाही. त्याचाच राग आला मला. रडली असती तर बरं झालं असतं.

जेवले. पोटभर. सातपाटीचे सुके बोंबील भाजून, भाकरी, कांदा.

९ डिसेंबर

कपिलाने लाथ मारली. बादली उपडी. सगळं दूध शेणात.

१६ डिसेंबर

हेमालीची आई जमना आली होती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं नाही मी. म्हणते, "इहीणबाय, जनावराची गोष्ट जनावराला. माज्या पोरीला का लावता? माज्या आजीला पण जुळी हुती, मामा नि मावशी. मावशी माजी, सात पोरांची आय हाय."

म्हटलं, "मग मावशीलाच द्यायची होती आम्हाला."

कालवडीचं विचारलं. विकली का म्हटलं. तर म्हणे, नाही, दिपेशने वाड्यात बांधली आहे. "भाकड तर भाकड. शेण देते ना, बस झालं." यांच्याकडे काहीही चालतं.

२९ डिसेंबर

मनीष म्हणतो, रविवारी डबल ड्यूटी. बुटांना लाल माती. एमआयडीसीत कुठली आली लाल माती? ती मासवणकडच्या मनोर रोडची. बोलले नाही. नवीन मुलगी बघितली की आपोआप बंद होईल. गेवराईला निरोप धाडलाय. पहिली अट — जुळ्यातली नको.

२२ जानेवारी २०२५

डॉक्टरांनी कपिलाला तपासलं. तीन महिन्यांची गाभण, नक्की! पेढे दिले. हौसेने सांगितलं त्यांना, "तुमच्यामुळे माझं घर वाचलं. सून पण जुळ्यातली निघाली! पाठवून दिली."

त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. "काय केलं तुम्ही?"

मग जे सुरू झाले! अहो बाई, माणसात तसं नसतं. माणसाच्या पोटात मुलगा-मुलगी जुळे असले तरी दोघांचं रक्त मिसळत नाही, प्रत्येकाची वार आपापली. ते गाईचंच आहे. माझी बायको जुळ्यातली आहे, भाऊ आहे तिला, आम्हाला दोन मुलं आहेत. तिला आजच्या आज घेऊन या.

मी म्हटलं, तुम्ही कपिलाचं बघा.

पेढा गोठ्याच्या कठड्यावर ठेवून गेले. कावळ्याने नेला.

२३ जानेवारी

दिवसभर डोक्यात तेच. रक्त मिसळत नाही म्हणे. मिसळत नसेल तर नसेल! आता काय त्या टेम्पोवाल्याला परत बोलावू? आळीत नाक मुठीत धरून फिरू? आणि हा ढोरांचा डॉक्टर. शेपटीखाली हात घालणारा. त्याला बायकांचं काय कळतंय?

९ फेब्रुवारी

राजनंदिनीचं डोहाळजेवण. पालघरला, तिच्या सासरी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पोट हे एवढं! माझीच दृष्ट लागेल म्हणून मी नीट बघितलंही नाही.

विहीणबाईंनी झोपाळ्याजवळ सगळ्या बायका जमवल्या. मोठं घर, दोन दुकानं, बाईचा थाट वेगळाच. म्हणाल्या, "तुमच्या मनीषची बायको दिसत नाही?" मग मी सांगितली गोष्ट. कालवडीपासून! रक्त कसं उतरतं, पिशवी कशी घडत नाही, बाहेरून कशी दिसते आणि आत कशी पोकळ. टेम्पोत दोघी कशा उभ्या होत्या तेही करून दाखवलं. काय हसल्या बायका! एकीला ठसका लागला.

"म्हणजे भावाबरोबर जन्मलेली मुलगी वांझच?" विहीणबाईंनी दोनदा विचारलं.

"शंभरातल्या नव्वद!" मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"बाई बाई! कोणाला माहीत होतं हे!" आल्यागेल्याला सांगत होत्या दिवसभर. निघताना मला म्हणाल्या, तुम्हाला फार ज्ञान आहे हो. एवढा मान मला त्या घरात कधी मिळाला नव्हता.

राजनंदिनी तेवढी हसली नाही. हात धुताना म्हणाली, "आई, वहिनीने माझ्या लग्नात अख्खी रात्र माझे पाय चेपले होते." म्हटलं, बाळंतपण जवळ आलं की माणूस हळवं होतं.

१४ फेब्रुवारी

विहीणबाईंचा फोन. राजनंदिनीची तब्येत वगैरे झालं. मग मी मितेश डॉक्टरांचं सांगितलं, माणसात नसतं म्हणतो तो. "कोण, ढोरांचा डॉक्टर?" दोघी पोट धरून हसलो.

२ मार्च

गेवराईची मुलगी मनीषने बघायलाही नकार दिला. म्हणाला, "मी खोली बघतोय. हेमालीला घेऊन राहणार." खोली! माझ्या मुलाने! ताट भिरकावलं मी. तो उचलायलासुद्धा वाकला नाही.

कपिला वेळेआधीच आटली. आटली काय, टेम्पो गेला त्या दिवसापासून तिने मला कधी धड दूध दिलंच नाही.

२५ मार्च

राजनंदिनीला दवाखान्यात नेलंय. डिंकाचे लाडू झाले, बाळंतशोपा भाजल्या. दोन दुपटी, दोन टोपडी. दोन्ही निळी घेतली. विहीणबाईही म्हणतात, पोट बघून सांगते, दोन्ही मुलगेच. राम-लक्ष्मण! मनीषला म्हटलं, मामा होणार तू, चल. म्हणाला, जा तू. मी मासवणला चाललोय.

जा. मला आज कोणाचा राग येत नाही.

२७ मार्च

आधी मुलगा. मागून मुलगी. दोघं ठणठणीत, राजनंदिनीही.

विहीणबाईंनी मुलगा उचलला. मुलीला कोणी हात लावला नाही. ती निळ्या दुपट्यात रडत होती. मी घेतली. म्हटलं, "अहो, माणसात तसं नसतं. रक्त मिसळत नाही. डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय मला!"

"कोणत्या? ढोरांच्या?"

राजनंदिनी खाटेवरून माझ्याकडे बघत होती. विहीणबाईंनी नातवाचं टोपडं सारखं केलं आणि म्हणाल्या, "ही तुमच्याकडेच राहू दे. टेम्पो मी सांगते."